पहिला खर्डा

बाई आधी पेन्सिल खाली ठेवायच्या. कागदाच्या वरच्या कडेला, आडवी, नीट लावून. मग चष्मा काढायच्या, समोर उभ्या असलेल्या मुलाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "सच है या बनाया हुआ?"

तीन-चार वर्षांतून एखादा मराठी विद्यार्थी वर्गात यायचा. त्याला हाच प्रश्न मराठीत, "हे खरं की रचलेलं?"

याचं उत्तर मिळेपर्यंत त्या लेखनाबद्दल अवाक्षर काढत नसत. मुलं गांगरायची. तुम्ही कधी मास्तरकी केली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, पहिल्या वर्षाच्या मुलाला शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या तर त्याला काही वाटत नाही, पण असं सरळ काही विचारलं की तो पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागतो.

एका मुलाने आजोबांच्या मृत्यूवर तीन पानं लिहून आणली होती. बाईंनी पेन्सिल ठेवली, त्याला कॅन्टीनमध्ये नेलं, चहा पाजला, समोसा खाऊ घातला आणि मग विचारलं. मुलगा समोसा गिळत म्हणाला, "मॅम, दादाजी तो परसों ही बुआ की शादी में नाचे हैं." बाई हसून हसून लाल झाल्या. "चलो, उन्हें लंबी उम्र मिले," म्हणाल्या आणि त्याच टेबलावर पेन्सिल हातात घेऊन कागद वाचायला बसल्या. मरणाची दोन पानं काढून टाकायला लावली आणि नाचाचं लिहून आणायला सांगितलं. ते त्याने फार छान लिहिलं.

मला मात्र हा प्रकार मुळीच पटत नसे. मी तेव्हा नवी होते. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपाठी पुण्याहून दिल्लीला आलेली, कॉलेजात ॲड-हॉक, म्हणजे तात्पुरती शिक्षिका. पहिल्या वर्षाला लेखनाचा एक सक्तीचा पेपर होता, मुलं हिंदीत लिहीत नाहीतर इंग्रजीत, आणि तो आम्ही दोघी मिळून शिकवायचो. लेखन हे लेखन म्हणून वाचावं, त्यातलं खरं-खोटं पोलिसांनी बघावं, असं माझं मत होतं आणि ते मी स्टाफरूममध्ये ऐकवलंही होतं.

"बिल्कुल," बाई म्हणाल्या. "पण आधी विचारून घ्यावं गं."

त्यांना बाई म्हणणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांच्या त्या मॅडम. पहिल्या दिवशी मी "बाई, हा वर्ग कुठे आहे?" असं मोठ्याने विचारलं तेव्हा आमच्या शिपायाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दिल्लीत धुणंभांडी करणारीला बाई म्हणतात. तो मला बाजूला घेऊन समजावायला लागला की मॅडम फार सीनियर आहेत. बाई मागून म्हणाल्या, "कहने दो उसे. शाळेत आम्ही आमच्या बाईंना म्हणायचो, मला कुणी म्हटलंच नाही."

त्या मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. वडील स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. बाईंचा सगळा जन्म सरकारी क्वार्टरात गेला. लग्न केलं नाही. दिल्लीत वाढलेल्या मराठी माणसाला मराठीत रागावता येतं, लाडात येता येतं, पण स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावं येत नाहीत. बाई सांडशीला "ते पकडायचं" म्हणायच्या. नाताळात त्यांच्या घरी करंज्या असत, पण त्यांनाही त्या कधीकधी गुजिया म्हणून जात आणि मग जीभ चावत.

मी लाल बॉलपेनने तपासायची. त्यांनी महिन्याभरात ते माझ्या हातातून काढून घेतलं. "लाल रंगानं माणूस दचकतो. पेन्सिलीनं कसं, बोलल्यासारखं वाटतं. आणि चुकलं तर आपल्यालाही खोडता येतं यार." पेन्सिल त्यांनीच दिली. त्या डझनाने आणायच्या, वर्षाच्या सुरुवातीला एकदम.

आणि त्यांचे ते खर्डे. ड्राफ्ट हा शब्द त्यांना आवडत नसे. वडील ऑफिसात खर्डे लिहायचे, म्हणून यांचेही खर्डेच. प्रत्येक मुलाकडून त्या तीन खर्डे घ्यायच्या आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात स्वतः आकडा घालायच्या. "पहिल्या खर्ड्यात माणूस लपून बसतो," त्या सांगायच्या. "दुसऱ्यात सापडतो. तिसऱ्यात फक्त केर काढायचा." मुलं तीन-तीनदा लिहून वैतागायची, मागून नक्कल करायची, आणि पास झाल्यावर पाच-पाच वर्षांनी मिठाईचा डबा घेऊन भेटायला यायची. माझ्याकडे अजून कुणी डबा घेऊन आलेलं नाही.

त्या प्रश्नामागचं कारण मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं.

दुपारी लॉनवर ऊन खात बसलो होतो. बाई संत्रं सोलत होत्या. त्या सबंध संत्रं सोलून आधी दुसऱ्यांना वाटायच्या आणि शेवटी उरली तर एखादी फोड स्वतः खायच्या. त्या दिवशी एका मुलीला त्यांनी असंच विचारलं होतं आणि ती रडत वर्गाबाहेर गेली होती. मी जरा चिडूनच म्हटलं, "बाई, कशाला विचारता? कागदावर आहे ते आहे. आपलं काम तेवढंच ना?"

त्यांनी संत्र्याकडे बघतच सांगितलं.

मी यायच्या आधीची गोष्ट. पानिपतची एक मुलगी होती. घरी कांबळी विणायचे माग. स्वतः दिल्लीत मुनिरक्यात दोघींबरोबर खोली घेऊन राहायची. तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी तिने बाईंना विचारलं होतं, "मॅम, आप मराठी लोग हमारे शहर का नाम सुनकर चुप क्यों हो जाते हैं?" बाईंना ती तिथेच आवडली.

बाई तेव्हा वर्गात सांगायच्या, स्वतःचं रडगाणं लिहू नका, रचा, कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगा. तर या मुलीने एका मुलीची गोष्ट लिहिली. तिचं लग्न घरच्यांनी ठरवलंय, परीक्षेच्या आधीच तिला घेऊन जाणार आहेत, आणि ती काही न बोलता सामान बांधते. दीड पान. बाईंनी पेन्सिलीने समासात लिहिलं, लड़की इतनी आसानी से मान क्यों गई? अंत जँचता नहीं. दुबारा लिखो.

"ती 'जी मॅम' म्हणाली," बाई म्हणाल्या. "कागद घेतला. दारात एकदा थांबली. मला वाटलं वहीत काहीतरी शोधतेय. मी दुसऱ्या मुलाचा कागद उचलला होता गं."

पुढच्या सोमवारी मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरचे तिला लग्नासाठी घेऊन गेले, असं तिच्या खोलीतल्या मुलीने सांगितलं तेव्हा बाई दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून पानिपतला गेल्या. घर सापडायला वेळ लागला. दारावर लग्नाचं तोरण होतं, जरा सुकलेलं. वडिलांनी आदराने बसवलं, चहा दिला, लाडू दिले. म्हणाले, "देर कर दी मॅडम जी, परसों ही विदा हुई. आशीर्वाद दीजिए." बाईंनी लाडू हातात घेतला. आई फाटकापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, "वो आख़िर तक कहती रही, मैंने मॅम को लिखकर दे दिया है. मॅम आएँगी."

बाईंनी शेवटची फोड माझ्या हातावर ठेवली. "आपल्या लोकांचं तिथं एकदा पानिपत झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. माझं कुणाला माहीत नाही." असं म्हणून त्या हसल्या आणि साली गोळा करायला लागल्या.

मला तेव्हा त्यांची कीव आली, आणि खरं सांगते, कीवेबरोबर थोडा मोठेपणाही वाटला. मनात म्हटलं, मी असते तर ओळखलं असतं.

बाई निवृत्त झाल्या आणि गुरुग्रामला अकराव्या मजल्यावर एक लहानसा फ्लॅट घेऊन राहायला गेल्या. भाचा परदेशात, दिल्लीतली जुनी माणसं पांगलेली. मी महिन्यातून एकदा मेट्रोने जायची, मग दोन महिन्यांतून, मग सणावारी. तुम्हाला वेगळं सांगायला नको, हे कसं होतं ते.

एका जानेवारीत त्यांचा फोन आला. "रविवारी ये ना. मी काहीतरी लिहिलंय. मराठीत. तपासून दे."

बाईंनी लिहिलंय! आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचलं, स्वतः ओळ लिहिली नव्हती. आणि तपासायला मला बोलावलं होतं. मी सबंध आठवडा तरंगत होते. नवऱ्याला तीनदा सांगितलं. रविवारी निघताना पेन्सिलीला नवं टोक काढून पर्समध्ये ठेवलं.

बाईंनी साबुदाण्याची खिचडी केली होती आणि तिच्यात मटार घातले होते. थंडीत दिल्लीची माणसं मटार कशातही घालतात. मी नावं ठेवत ठेवत दोनदा घेतली. त्यांनी चमचाभर घेतली, तीही ताटात तशीच. "नाश्ता उशिरा झाला," म्हणाल्या.

"बाई, बारीक झालात," मी म्हटलं. "छान दिसताय."

"अच्छा?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कागद आणला. एकच पान. कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात, खर्डा १. माझ्यासमोर ठेवला आणि खुर्चीत बसल्या, हात मांडीवर घेऊन, आमची पहिल्या वर्षाची मुलं बसतात तशा. "पेन्सिल घेऊन वाच हं," म्हणाल्या.

एका बाईची गोष्ट होती. वयस्क बाई. ती इस्पितळातून रिपोर्ट घेऊन मेट्रोने घरी निघाली आहे. लिफाफा उघडून पाहिलेला आहे, आत काय आहे ते तिला कळलेलं आहे. शेजारी एक लहान मुलगी पाढे म्हणते आहे आणि बाई तिच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करते आहे. स्टेशनावर उतरल्यावर ती नेहमीच्या दुकानात जाते, डझनभर पेन्सिली मागते, मग जरा विचार करते आणि म्हणते, सहाच द्या. घरी येते, कुंड्यांना पाणी घालते, पडदे ओढते. कुणालाही काही सांगत नाही. संपलं.

वाचताना माझ्या हातात पेन्सिल होती. हे मी तुम्हाला पुन्हा सांगते, कारण मला ते विसरता येत नाही. माझ्या हातात पेन्सिल होती आणि ती मी एकदाही खाली ठेवली नाही.

मी पाढ्यांच्या ओळींखाली रेघ मारली. "पर्दे खेचते"चं "पडदे ओढते" केलं. सहा पेन्सिलींपाशी समासात लिहिलं, तपशील सुरेख! आणि शेवटी, जिथे ती कुणाला सांगत नाही तिथे, मोठ्या अक्षरात लिहिलं, इतकं मोठं कळलेली बाई एकाही माणसाला सांगत नाही? का? पटत नाही.

मग मी बोलले. वीसेक मिनिटं बोलले असेन. पात्राच्या वागण्याला कारण हवं, वाचकाला ते आधी कुठेतरी जाणवायला हवं, असं सगळं, जे मी बाईंकडूनच शिकले होते. त्या ऐकत होत्या. मध्येच मान हलवत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी काही विचारायचं नाही?"

"नाही हो, बाकी मस्त. मजा आली."

"बरं," त्या म्हणाल्या.

लिफ्टपर्यंत पोचवायला आल्या. माझ्या पिशवीत चार संत्री घातली. मी म्हटलं, "दुसरा खर्डा कधी?"

"बघू. वेळ मिळाला की."

"रिटायर झालेल्या माणसाला काय, वेळच वेळ," मी म्हटलं, आणि लिफ्टचं दार बंद झालं.

मार्चमध्ये फोन आला तेव्हा मी पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले होते. दिवसा उजेडी, अकराच्या सुमाराला. त्यांचा भाचा बोलत होता. तो आदल्या दिवशी पोचला होता आणि बाई पहाटे गेल्या होत्या. फोनवर त्याने आजाराचं नाव सांगितलं. मी "कधीपासून?" विचारलं, आणि तो "डिसेंबर" म्हणाला, तेव्हा मला एकदम ती शेजारी बसून पाढे म्हणणारी मुलगी दिसली. त्याच्यापुढे तो काय म्हणाला ते मी ऐकलं नाही.

दफनाच्या वेळी कितीतरी मुलं आली होती. मुलं म्हणजे आता टक्कल पडलेली, केस रंगवलेली माणसं. आजोबांना मारणारा तो मुलगा आला होता आणि हमसून हमसून रडत होता. प्रत्येकाने मूठभर माती टाकली. माझी मूठ उघडेना. कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती उघडली.

भाचा फाटकापाशी माझ्याजवळ आला. साधा, थकलेला मुलगा, मराठी अडखळत बोलणारा. म्हणाला, "तुमचे थँक्स मानायचे होते. मला मावशीने फेब्रुवारीत सांगितलं. मी लगेच येतो म्हटलं, तर म्हणाली, घाई करू नकोस, मी एकटी नाही. मी इथे एका मैत्रिणीला लिहून दिलंय. म्हणून मी जरा निश्चिंत होतो. तुम्ही येत होतात ना?"

मी त्याला काय उत्तर दिलं ते लिहिण्याची माझ्यात हिंमत नाही. मी हो म्हटलं.

जी बाई पन्नास पन्नास मुलांकडून सत्य वदवून घ्यायची, तिला स्वतःचं तोंड उघडून सांगता आलं नाही, एवढंच मला कळतं. तिला कुणीतरी विचारायला हवं होतं. सबंध शहरात तो प्रश्न ज्यांना पाठ होता त्यांतली सगळ्यात जवळची मी होते. तिने मला घरी बोलावलं, खाऊ घातलं, कागद समोर ठेवला, आणि मी जे विचारायला हवं होतं ते शेवटी स्वतःच सुचवून पाहिलं. आणखी काही विचारायचं नाही? नाही हो, बाकी मस्त.

जानेवारी ते मार्च. मेट्रोने पाऊण तासाचं अंतर. मी रोज जाऊ शकले असते. काही केलं नसतं तरी बाजूला बसून संत्रं सोललं असतं.

जाण्याआधी भाच्याने मला एक मोठा लिफाफा दिला. मावशीच्या टेबलावर होता, वर माझं नाव होतं, म्हणाला. मी तो तीन दिवस उघडला नाही. आत पेन्सिली होत्या. सहातल्या चार, टोक न काढलेल्या. आणि ते पान.

त्यांनी माझं काही खोडलं नव्हतं. पडदे ओढते ठेवलं होतं. सुरेखच्या पुढे एक लहानसं हसरं तोंड काढलं होतं, चांगल्या मुलांच्या कागदावर काढायच्या तसं. आणि अगदी खाली, माझ्या त्या मोठ्या 'पटत नाही'च्या शेजारी, पेन्सिलीने, बोलल्यासारखं लिहिलं होतं,

'बरोबर आहे. पुढच्या खर्ड्यात सांगेल.'

मी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. फक्त उजव्या कोपऱ्यात आकडा घालून ठेवला होता. खर्डा २.